पेट्याचा मान

खाणीत भल्याभल्यांना दम देणारा फोरमन कापेम्ब्वा त्या शनिवारी कमरेला बायकोचं नेसायचं कापड, चितेंगे, गुंडाळून भोपळ्याच्या पाल्याच्या शिरा सोलत होता, आणि त्याची दहा वर्षांची लेक म्वाबा त्याला दम देत होती.

"बाबा, शिरा नीट काढा. घशात अडकतात."

"अडकू देत. माझा घसा आहे."

दवाखान्यातल्या बाईंनी त्याचा रक्तदाब बघून तेल-मीठ तोडलं होतं, वर पोरांच्या रोजच्या चिप्सवरून चार शब्द सुनावले होते. कापेम्ब्वाने घरी येऊन भाषणच ठोकलं. "दर शनिवारी आपण तिघं रांधायचं. आईला सुट्टी! चुलीपुढे लहान-मोठा कुणी नाही. जो राबेल त्याचा मान." बोलताना त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ते त्याला कायमच वाटायचं म्हणा.

धाकट्या कासोंदेने शेंगदाण्याचं कूट केलं. म्वाबाने कातडं काढून कोंबडी बिनतेलाची शिजवली, न चाळलेल्या मक्याच्या पिठाची घट्ट उब्वाली घोटली. आणि फोरमनसाहेबांनी? चव बघितली. चव बघायच्या नावाखाली मिठाकडे हात नेला, आणि दर वेळी पकडले गेले.

पण तो सगळं सोसत होता ते पातेल्यातल्या पेट्यासाठी. कोंबडीचा पेटा, म्हणजे तिच्या पोटातली ती जाड मांसल पिशवी, घरधन्याचा. आज्याला मिळाला, बापाला मिळाला, लग्न झाल्यापासून त्याला मिळत होता. बिनमिठाचा तर बिनमिठाचा, पण पेटा!

बायको मालमा बाजारातला गाळा बंद करून आली. हात धुऊन सगळे बसले. म्वाबाने वाढलं, आणि पेटा गेला मालमाच्या ताटात.

कापेम्ब्वा खाकरला. "म्वाबा, काहीतरी चुकलं बघ."

"काय चुकलं, बाबा?"

"अगं, तो... पेटा."

"जो राबेल त्याचा मान, तुम्हीच म्हणालात. आम्ही आज एकच कोंबडी रांधली. बाकीच्या सगळ्या आईनंच रांधल्या ना?"

फोरमन आपल्याच शब्दांत सापडला. पण गप्प बसेल तर तो कापेम्ब्वा कसला!

"अगं, पण तिला पेटा आवडत नाही."

मालमाने मान वर केली. "म्हणजे काय, म्वाबाचे बाबा? मी तो चाखलाय कधी?"

कापेम्ब्वाला आठवेना. बारा वर्षं तिनेच साफ केला, तिनेच शिजवला, तिनेच त्याच्या ताटात ठेवला. त्याला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

मालमाने पेटा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. पोरं श्वास रोखून बघत होती.

"हा?" ती म्हणाली. "अहो, हा न मिळाल्याबद्दल तुम्ही माझ्या बहिणीच्या लग्नातून उपाशी उठून आला होतात?"

कासोंदे फिदीफिदी हसला. कापेम्ब्वाने उब्वालीचा गोळा मोडला, पाल्यात बुडवला आणि गिळला. शीर घशात अडकली, आणि पाण्याचा तांब्या म्वाबाने आधीच त्याच्याजवळ आणून ठेवला होता.