एका सभासदाचा फरक

हिशेबतपासनिसांच्या संघटनेत सभासदांशी संपर्क ठेवण्याचं काम म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते पाणी गेली अठरा वर्षं जी बाई ओतत होती तिला सगळे स्मरणताई म्हणत. सभासदांना तिच्याकडून आजवर जे काही गेलं ते स्मरणपत्रच होतं. परिसंवादाचं स्मरणपत्र, शिबिराचं स्मरणपत्र आणि आधीच्या स्मरणपत्राकडे लक्ष वेधणारं स्मरणपत्र.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? 'तणावमुक्त जीवन' या व्याख्यानाला वक्ता आला, वक्त्याची बायको आली आणि मजला चुकलेला एक प्लंबर आला. प्लंबर शेवटपर्यंत बसला, एवढंच समाधान. छायाचित्र स्पर्धेला तीन फोटो आले. दोन अध्यक्षांनी काढलेले होते आणि तिसऱ्यात अध्यक्षच होते.

पण या वर्षी गोष्ट गळ्याशी आली होती. नियम असा, की वार्षिक सभेला सभासदांपैकी निदान चौथा हिस्सा हजर हवा, आणि तोही सभेच्या वेळेनंतर अर्ध्या तासाच्या आत. सलग तीन वर्षं कोरम झाला नाही, तर शाखा बंद, मोठ्या शाखेत विलीन. दोन वर्षं झाला नव्हता. गेल्या वर्षी एकोणीस लोक आले, त्यातले चार पाऊस थांबायची वाट बघत उभे होते. शाखा गेली की तिसऱ्या मजल्यावरचा हॉल जाणार, पुस्तकांची चार कपाटं जाणार आणि स्मरणताईची नोकरीही जाणार. खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा तिचा जीव त्या हॉलमध्येच जास्त अडकला होता. लोकांनी भरलेला तो हॉल एकदा तरी बघायचा, एवढीच तिची हौस राहिली होती.

म्हणून तिनं सभेच्या निमंत्रणासोबत एक नवं पान जोडलं, 'आपले सभासद, एक दृष्टिक्षेप'. महिनाभर एकेकाला फॉर्म पाठवून, फोन करून तिनं माहिती गोळा केली होती. स्वतःचं ऑफिस असलेले १६३, नोकरीतले २०१, निवृत्त ४७. खाली नोंदवहीतला आकडा, एकूण ४१२. कडेला दोन फुलं काढून तिनं ते सोमवारी सकाळी ईमेलनं धाडून दिलं आणि नेहमीप्रमाणे ते कोणीच उघडणार नाही असं धरून चहा ठेवला.

चहाला उकळी यायच्या आत फोन वाजला. हा फोन एरवी कोणी चुकीचा नंबर फिरवला तरच वाजायचा. पलीकडे पेन्सिलकाका होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तपासलेल्या आकड्यावर हिरव्या पेन्सिलीनं खूण केल्याशिवाय त्यांना पुढे सरकता येत नसे. घरची वाण्याची यादीसुद्धा हिरवी करून ठेवत.

"ताई, एक कमी आहे."

"काय कमी आहे, काका?"

"माणूस! तिन्ही मिळून चारशे अकरा होतात. तुम्ही बारा लिहिलेत. एक सभासद गेला कुठे?"

तिनं फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. अठरा वर्षांत एका पत्राला उत्तर न दिलेले लोक आता तीन-तीन पानी उत्तरं पाठवू लागले. कोणी विचारलं, नोकरी सोडून कालच ऑफिस थाटलेल्याला कुठे धरलंत? कोणी मृतांची यादी मागवली. एका कंपनीतल्या बाईंनी नुसतं एवढंच लिहिलं, 'फरक १. झोप नाही.'

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो ताई, हिशेबतपासनिसांची संघटना आपली आणि साधी बेरीज जुळत नाही? लगेच दुरुस्तीपत्र काढा!"

"काढते साहेब, पण फरक सापडू तर द्या."

तिनं फॉर्म पुन्हा मोजले. चारशे अकरा. नोंदवही मोजली. चारशे बारा. उलट मोजलं, उभ्यानं मोजलं. घरी जेवताना नवऱ्यानं समजूत घातली. तो दंतवैद्य.

"चारशे बारांत एखादा इकडेतिकडे झाला म्हणून काय बिघडलं?"

"तू चुकीचा दात उपटलास तर? बत्तिसांत एकच तर असतो."

नवऱ्यानं भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं हात टेकले. आकड्याखाली 'सुमारे' असा शब्द टाकून दुरुस्तीपत्र तयार केलं. हिशेबतपासनिसाला 'सुमारे' लिहिणं म्हणजे शिवी देण्यासारखंच, पण करणार काय? बोट कळीवर नेलं आणि तिथंच थांबलं. हे पत्र गेलं, की सगळे पुन्हा गाढ झोपणार. अठरा वर्षांत पहिल्यांदा लोक जागे झालेत, आणि मीच त्यांना थोपटून निजवू? तिनं पत्र पुसलं आणि दुसरं लिहिलं. 'फरक शोधण्याचं काम शनिवारी सकाळी साडेदहाला, वार्षिक सभेत, सर्वांसमक्ष होईल.'

शुक्रवारी संध्याकाळी तिनं हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. चारशे बारांचा चौथा हिस्सा एकशे तीन. बरोबर एकशे तीन मांडल्या, एक जास्त नाही.

शनिवारी दहालाच जिना दणाणला. लोक छापील पान घेऊन आले, त्यावर आपापल्या खुणा करून आले. कोणी पट्टी आणली होती, कोणी दोन कॅल्क्युलेटर, एकाचा दुसऱ्यावर भरवसा नाही म्हणून. वीस वर्षांपूर्वी भांडलेले दोन भागीदार एकाच यादीवर डोकं खुपसून बसले. स्मरणताई दाराशी हजेरीची वही घेऊन उभी होती आणि सह्या घेता घेता तिला इतकं हसू येत होतं, की अध्यक्षांना वाटलं बाईला ताप चढला. पंच्याण्णव... अठ्ठ्याण्णव... एकशे दोन.

मग कोणीच येईना.

पावणेअकरा झाले. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती आणि तिला दुसरं काही दिसेना. अकरापर्यंत एक माणूस हवा, फक्त एक. तिनं जिन्यात डोकावून पाहिलं. प्लंबरसुद्धा नव्हता.

"एक मिनिट," नोकरीतल्या एकानं मुद्दा काढला. "सभासद खरंच चारशे अकरा असतील, तर चौथा हिस्सा होतो एकशे दोन पूर्णांक पंचाहत्तर. आपल्याला फक्त पाऊण माणूस कमी आहे!"

सगळ्यांच्या नजरा उगीचच पहिल्या रांगेतल्या सर्वांत बुटक्या सभासदाकडे वळल्या.

"माझी सही अख्खी झालीय," तो गुरगुरला.

"गप्प बसा!" पेन्सिलकाका नोंदवही घेऊन उठले. "मी क्रमानं नाव वाचतो. फॉर्म वाटून घ्या, ज्याच्या हातात असेल त्यानं रकाना सांगायचा."

आणि सुरू झालं. काका नाव वाचत, हॉल एका सुरात ओरडे, "ऑफिस!" "नोकरी!" "निवृत्त!" हिरवी पेन्सिल सपासप चालली होती. एकशे दोन माणसं, सगळी चाळिशीच्या पुढची, आणि आवाज शाळा सुटल्यासारखा. स्मरणताई घड्याळ बघत होती. दहा पन्नास. दहा पंचावन्न. कोरम गेला तरी चालेल, हे थांबू नये, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

"क्रमांक दोनशे सात!" काकांनी नाव वाचलं.

फॉर्म चाळले गेले. फॉर्मच नव्हता.

"हा कोण सभासद? कोणी ओळखतं का?"

त्या नावानं तिला तिथं कोणी कधी हाक मारली नव्हती. त्यामुळे तिलाही एक श्वास जास्त लागला.

"ती... मी," दारातून स्मरणताई म्हणाली.

परीक्षा पास होऊन तिनं सभासदत्व घेतलं होतं आणि बरं काम मिळेपर्यंत सहा महिने म्हणून इथं टेबलाशी बसली होती. वर्गणी दर वर्षी पगारातून परस्पर वळती होत होती. महिनाभर सगळ्यांना फॉर्म पाठवणाऱ्या बाईनं स्वतःला तेवढा पाठवला नव्हता.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" काका गरजले. "रकाना बोला!"

"नोकरी, काका. इथलीच."

"नोकरीतले दोनशे दोन. एकूण चारशे बारा. जुळलं!"

हॉलनं छप्पर डोक्यावर घेतलं. भांडलेल्या भागीदारांनी एकमेकांना मिठी मारली. फक्त अध्यक्ष कॉलर सावरत किंचाळत होते, "सही! आधी ताईंची सही घ्या, दोन मिनिटं उरलीत!" तिनं आपल्याच वहीत सही केली. शाखा वाचली होती, आणि वाचवणारी सही तिची होती.

काकांनी तिला हाताला धरून त्या रिकाम्या खुर्चीत बसवलं. अठरा वर्षांत ती या हॉलमध्ये पहिल्यांदाच बसत होती. अध्यक्षांनी घसा खाकरला, चष्मा लावला आणि गेल्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. ते तिनंच लिहिलेलं होतं, बावीस पानांचं.

तिसऱ्या पानावर स्मरणताईची मान एकदा खाली पडली आणि दचकून वर आली. तिनं हळूच मागे, दाराकडे पाहिलं, आणि सभासद सभेला का येत नाहीत ते तिला अगदी स्वच्छ कळलं.