डुगडुगणारा बाक

महाडच्या कॉलेजात चारुशीलाबाई नाट्यशास्त्र शिकवायच्या. नाटकासारखीच तासाआधी पितळी घंटा वाजवायची, हा त्यांचा शिरस्ता. तिसरी घंटा मात्र शेवटचं पोर जागेवर बसल्याशिवाय नाही. पूर्वी त्यासाठी ताटकळावं लागे. यंदा पोर एकच, कापडे गावची रेश्मा. ती एसटीतून उतरून धापा टाकत आली की तिन्ही घंटा एका दमात!

स्नेहसंमेलनातली हौशी नाटकं एके काळी प्राध्यापकांना उनाडक्या वाटत. त्या हौसेचा विषय व्हायला, विषयाची पदवी व्हायला पिढ्या खर्ची पडल्या. बाई हाच इतिहास शिकवत. आणि विषय गुंडाळायला काय लागतं? एका मुलीनं दाखला काढला की झालं. रेश्मा गेली तर विषय बंद, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

शुक्रवारी रेश्मा आली ती मान खाली घालूनच. पनवेलला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता.

"पन मी नाय जात, बाई. मी गेली तर तुमी एकट्या पडाल."

घरी तरी बाईंची वाट बघणारं कोण होतं? एकदा 'थांब गं' म्हटलं असतं, तर पोरगी थांबली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते. जन्मभर नटांविषयी बोलणाऱ्या या बाईनं स्वतः तोंडाला रंग कधी लावला नव्हता. त्या दिवशी बिनरंगाचंच काम केलं.

"अगं वेडे, एकटी कशी? दोघांनी प्रवेश घेतलाय, विनीत आणि साक्षी. सोमवारपासून येतायत. तू जा बिनघोर."

"खरं?" रेश्माचा चेहरा खुलला, मग जरासा उतरला. आपली जागा इतक्या लवकर भरावी, हे तिला लागलं असावं. बाईंना ते दिसलं, तरी त्यांनी हसू ढळू दिलं नाही.

सोमवारी सवयीनं दोन घंटा वाजल्या. रिकाम्या वर्गापुढे तिसरीला हात थांबला. तेवढ्यात रेश्माचा मेसेज आला: 'बाई, साक्षीला सांगा, माझ्या बाकाचा पाय डुगडुगतो. खाली कागदाची घडी लावायला लागते.'

बाईंनी जाड घडी केली, गुडघे टेकून पायाखाली सरकवली, बाक हलवून पाहिला.

'सांगितलं गं तिला. आता हलत नाही,' असं कळवून त्या त्याच बाकावर बसून राहिल्या.