घराबाहेर न गेलेला दमा

मी एक जुना नेब्युलायझर आहे. एवढं अवघड नाव गावात कोणी घेत नाही, सगळे मला 'वाफेचं मशीन' म्हणतात. खरं म्हणजे मी वाफ करतच नाही. माझ्या पोटात पाणी उकळत नाही. मी हवा जोरानं ढकलतो, त्या हवेनं कपातल्या औषधाचं बारीक धुकं होतं आणि मास्कमधून ते दमेकऱ्याच्या छातीत जातं. पण लोकांना वाफ वाटते, तर वाफ.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की त्यांची तक्रार ठरलेली असते. आम्हाला कोणी जपलं नाही, अडगळीत टाकलं, धूळ खात ठेवलं. माझं दुखणं नेमकं उलटं आहे. मला फार जपलं. इतकं जपलं की त्यात एक जीव गेला.

माझा जन्म कुठं झाला ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं, पण ते खोकं पहिल्याच आठवड्यात बंबात गेलं. मला आठवतं ते विट्यातल्या औषधाच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथून मला नाथाजींनी उचललं. ते तेव्हा फौजेत हवालदार होते आणि सुट्टीवर आले होते. कडेगावजवळच्या त्यांच्या गावी घराला पत्र्याची पडवी, समोर ऊस आणि भिंतीवर गणवेशातल्या माणसांचे फोटो. आजा, चुलता, मग नाथाजी स्वतः. शेवटच्या फोटोशेजारी एक खिळा मोकळा होता. तो कोणासाठी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तो नाथाजींच्या एकुलत्या एका मुलासाठी होता. त्याचं नाव विश्वजीत. मी आलो तेव्हा तो पाचवीत होता. ऊस तुटून गेला, शेतात मागं उरलेलं वाळकं पाचट पेटलं आणि धूर गावावर उतरला की त्याची छाती भरायची. श्वास सोडताना आतून मांजर गुरगुरल्यासारखा आवाज यायचा. पहिल्यांदा माझा मास्क त्याच्या तोंडाला लावला, तेव्हा त्याची आई दीपमाला माझ्यासमोर हात जोडून बसली होती. थोड्या वेळानं गुरगुर थांबली, पोरगं उठून भाकरी मागू लागलं. "द्येव हाय ह्यो आमचा," नाथाजी म्हणाले. त्या वर्षी खंडेनवमीला कोयता, खुरपं आणि मोटरीचा स्टार्टर यांच्या रांगेत मीही बसलो. मलाही हळदकुंकू लागलं. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेलो होतो.

गावातले डॉक्टर दरवर्षी सांगायचे, "नुसती वाफ देत बसू नका. सांगलीला छातीच्या आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा." दीपमाला "व्हय" म्हणायची. पण माझ्यामुळं पोराला बरं वाटायचं, आणि बरं वाटणाऱ्या माणसाला एसटीत घालून डॉक्टरकडे कोण नेतं? मी घरात होतो म्हणून सांगली लांबत गेली. कौतुक मात्र माझंच होत राहिलं.

विश्वजीत उंच झाला, खांद्यानं भरला. नाथाजी निवृत्त होऊन घरी आले आणि त्यांनी मुलाला गावाबाहेरच्या भरती अकॅडमीत घातलं. विश्वजीतलाही फौजेत जायचंच होतं, कोणी ढकलत नव्हतं त्याला. आणि त्या दिवसापासून माझं काम बदललं. आता मी देव राहिलो नाही, चोर झालो. दमा असलेलं पोरगं भरतीच्या मेडिकल तपासणीत बाद होतं, म्हणून दमा आहे हे गल्लीत कळता कामा नये. पहाटे पळायला जाण्याआधी विश्वजीत खोलीचं दार लावून मास्क चढवायचा. माझी घरघर बाहेर जाऊ नये म्हणून नाथाजी टीव्हीचा आवाज मोठा करायचे. शेजारच्या रंगुबाई दीपमालेला म्हणायच्या, "हवालदाराला लय बातम्यांचा नाद गं बाई."

मागच्या दिवाळीनंतर एकदा विश्वजीतला असा दम लागला की माझ्या दोन फेऱ्यांनीही छाती मोकळी होईना. तेव्हा मात्र दीपमालेनं ऐकलं नाही. "तुमी येत नसाल तर मी एकली न्हेते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिघं सांगलीला निघाली. फोनवर तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी घरी जे काही वापरता ते घेऊन या, असं सांगितलं होतं, म्हणून कापडी पिशवीतून मीही गेलो.

डॉक्टर ब्राह्मी चौगुले यांनी घाई केली नाही. विश्वजीतला एका नळीत जोरानं फुंकायला लावलं, औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं. त्याच्या हातावर थेंब टाकून बारीक टोचलं. गाजरगवताच्या आणि घरातल्या धुळीच्या थेंबाखाली गांध्या उठल्या. मग त्यांनी मला पिशवीतून बाहेर काढलं, माझा पिवळा पडलेला मास्क उलटसुलट करून पाहिला.

"किती वर्षं नुसतं हेच देताय, ताई?"

"पाचवीपास्नं," दीपमाला म्हणाली.

"ह्यानं श्वासाच्या नळ्या थोडा वेळ उघडतात. आतली सूज तशीच राहते. सूज उतरायला हा पंप, रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. आणि हा निळा कायम खिशात. दम लागला की लगेच. धुरात पळायचं नाही."

नाथाजी खुर्चीच्या कडेवर बसले होते. "म्याडम, एक इनंती हाय. कागदावर दमा लिवू नका. पोराची भरती हाय."

"मी लिहिलं नाही तर छातीतला जाईल का, काका?"

"तसं न्हवं..."

"भरतीचं माझ्या हातात नाही. श्वासाचं सांगते. औषध घेतलं तर हा म्हाताऱ्या वयातही पळेल. न घेता असाच पळत राहिला, तर मला भीती वाटते." मग त्या विश्वजीतकडे वळल्या. "तुला काय वाटतं?"

विश्वजीत वडिलांकडे बघत म्हणाला, "घेतो मी, म्याडम."

मित्रांनो, त्या टेबलावर बसून मला आयुष्यात पहिल्यांदा हलकं वाटलं होतं. माझं काम जाणार होतं, आणि ते गेलेलं मला चालणार होतं.

पण घरी आल्यावर नाथाजींनी दोन्ही पंप हातात घेतले, त्यांची काळी फौजी ट्रंक उघडली आणि कांबळ्याखाली ठेवून दिले.

"आवं, काय करताय ह्ये?" दीपमाला पुढं झाली.

"भरती हुईस्तवर ऱ्हाऊ दी. पंप रोज घेतला की मेडिकलला दमा धरला जातो. आमच्या युनिटात एक पोरगं असंच गेलं घरी. आन् खिशात कुणी बघितला, तर अकॅडमीभर हुईल."

"डॉक्टरीण काय म्हणली ती इसरला काय?"

"तिला फौजेतलं काय म्हाईत? भरती झाली की दोन्ही दी त्याला. घरात मशीन हाय न्हवं?"

घरात मशीन हाय न्हवं. हे चार शब्द मी अजून विसरलेलो नाही. नाथाजी वाईट माणूस नव्हते. पोराला दम लागला की रात्र रात्र त्याची पाठ चोळणारा बाप होता तो. पण ज्या हातांनी पाठ चोळली त्याच हातांनी त्यांनी ट्रंकेला कुलूप लावलं, आणि मी ते बघत बसलो. विश्वजीत म्हणाला, "आई, थोड्या दिसांचा तर प्रश्न हाय. घेतो मी वाफ." दीपमाला चुलीकडे निघून गेली.

पुढचं माझ्यासमोर घडलं नाही. नाथाजींच्याच तोंडून ते मी नंतर ऐकलं, कारण ते सांगताना त्यांच्यासमोर दीपमाला होती आणि कोपऱ्यात मी होतो.

भरतीच्या आधी अकॅडमीनं एक चाचणी धाव ठेवली होती. पोरांचे आईबाप बघायला आले होते, एक निवृत्त सुभेदारसाहेब पाहुणे होते. मैदानाशेजारचा ऊस नुकताच तुटला होता आणि कोणीतरी पाचट पेटवून दिलं होतं. विश्वजीत सकाळी माझ्याकडून वाफ घेऊनच गेला होता. पहिल्या फेऱ्यांत तो सगळ्यांच्या पुढं होता. सुभेदारसाहेब नाथाजींना म्हणाले, "पोरगा घोडा आहे तुमचा." मग तो मागं पडला, कमरेवर हात ठेवून चालू लागला, आणि मैदानाच्या कडेला बसला.

मी तिथं असतो तरी काय केलं असतं? मला भिंतीतला प्लग लागतो. उघड्या मैदानावर मी म्हणजे नुसता डबा. खिशात मावतो तो पंप, आणि पंप ट्रंकेत होता.

पोरांनी त्याला सावलीत आणलं. बघायला आलेल्यांत लीलाबाई नावाच्या एक नर्स होत्या. त्यांनी विश्वजीतच्या छातीला कान लावला आणि वर बघून विचारलं, "ह्याला दमा हाय का? पंप घेतो का ह्यो?"

भोवती सगळी अकॅडमी उभी होती. सुभेदारसाहेब उभे होते. पोरगा खाली बसून बापाकडे बघत होता, त्याला बोलता येत नव्हतं. आणि नाथाजी म्हणाले, "न्हाई. कवाच न्हाई. सकाळधरनं उपाशी हाय, चक्कर आली आसंल."

मग काय, चक्करच ठरली. कोणी पाणी मारलं, कोणी साखर चारली, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. त्याचे ओठ निळे पडल्यावर गाडी आली. भरतेश नावाच्या ओळखीच्या माणसाची गाडी होती, तोच चालवत होता. गाव मागं पडलं, ऐकणारं कोणी उरलं नाही, तेव्हा नाथाजी त्याला म्हणाले, "दमा हाय रं त्याला. ल्हानपणापास्नं."

"मग नाना, तिथंच का न्हाई सांगितलं?" भरतेशनं विचारलं.

विटा यायच्या आधीच विश्वजीतचा श्वास थांबला.

माती झाली, पाहुणे गेले, त्या दुपारी नाथाजी माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी माझी वायर जोडली, बटण दाबलं आणि मास्क हातात धरून राहिले. कपात औषध नव्हतं. मी नुसती हवा ढकलत होतो. टीव्ही बंद होता. माझी घरघर सगळ्या गल्लीत जात होती आणि त्या माणसाला आता तिची लाज उरली नव्हती. दीपमालेनं येऊन बटण बंद केलं. "आता कशाला?" एवढंच ती म्हणाली.

मला वाटलं, आता मला उकिरड्यावर टाकतील. टाकायला हवं होतं. पण तेराव्यानंतर रंगुबाई मागच्या दारानं आल्या. त्यांची नात शालू सहावीत आहे.

"दीपा, मशीन दी की गं. शालूची छाती भरलीया दोन दिस झालं. तुमाला आता त्येचा..." त्या मध्येच थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पर कुणाला बोलू नगंस हां. पोरीची जात हाय. उद्या लगीन जमवायचं."

"मावशी, तिला सांगलीला न्या," दीपमाला म्हणाली. "मी येते संगं. आजच जाऊ."

"न्हेऊ की. तवर वाफ तर दिऊ. ऊस गेला की न्हेऊ."

दीपमालेनं नाथाजींकडे बघितलं. तिला वाटलं असेल, आता तरी हा माणूस बोलेल. या गावात ते सांगायचा हक्क त्यांच्याइतका कोणाला होता? नाथाजी उठले. त्यांनी माझी वायर गुंडाळली, मास्क फडक्यानं पुसला आणि मला रंगुबाईंच्या हातात दिलं.

म्हणून मी सध्या रंगुबाईंच्या घरी आहे. ऊस केव्हाच गेला, जमिनीतल्या बुडख्यांतून खोडव्याला फुटवे आले, सांगलीला कोणी गेलेलं नाही. शालू माझा मास्क लावून बसते, मग हसते आणि म्हणते, "आज्जी, बरं वाटलं." रंगुबाई मला हात लावून तो कपाळाला नेतात. लय गुणाचं मशीन, म्हणतात.

मित्रांनो, माझी काळजी घेऊ नका. तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. छाती मोकळी झाली म्हणजे दमा गेला असं नसतं. ज्या दिवशी बरं वाटेल त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे जायचा हट्ट धरा, दिलेला पंप जवळ ठेवा, आणि कोणी विचारलं तर मोठ्यानं 'हो' म्हणा. शालूलाही मी हेच सांगितलं असतं. पण मला फक्त घरघर करता येते, आणि तीही शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून रंगुबाईंनी आत्ताच दाराला कडी घातली आहे.