वाळत घातलेलं तांबं

सन दोन हजार तेवीस, जानेवारीचा दुसरा आठवडा, म्हणजे इकडे विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऐन पावसाळा. तांब्याच्या खाणींच्या किटवे शहरात दिवसाचे बारा बारा तास वीज नसायची. त्या आठवड्यात माझी अब्रू गेली आणि महिना सरायच्या आत ती वाजतगाजत परत आली. तेवढंच सांगतो. पाल्हाळ लावायची मला सवय नाही.

मी निळे खडे. वजन पस्तीस किलो. खडे हजारो आहेत, पण तोंड एकच.

माझं तांबं इथल्याच खाणीतलं. कॉलेजातल्या चिसेंगा टीचरबाईंनी ते एका पांढऱ्या आम्लाबरोबर स्पिरिटमध्ये विरघळवून उबेला ठेवलं. त्यातून मी जमलो. आत तांब्याचे खांब, आम्लाच्या तुळया आणि मधे खोल्या. खोल्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण माझे दोन चमचे उलगडून पसरले तर फुटबॉलचं मैदान झाकेल, एवढ्या भिंती माझ्या पोटात आहेत. गॅस येतो आणि त्या भिंतींना चिकटून दाटीवाटीने बसतो. म्हणून मी ज्या सिलिंडरमध्ये असतो, त्यात रिकाम्या सिलिंडरच्या चौपट गॅस मावतो.

हे कुणाला पटत नाही.

"भरलेल्या पोत्यात आणखी मका कसा मावेल, टीचरबाई?" बाना साम्पाने विचारलं.

बाना साम्पा म्हणजे साम्पाची आई. इकडे बाईला लेकराच्या नावानेच हाक मारतात. बाजारात तिची टपरी. न्शिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, घेवडा, सुकी मासळी. वीस वर्षं कोळशावर रांधून तिची छाती पार गेली होती. दवाखान्यातल्या नर्सने तिला स्पष्ट सांगितलं होतं, यापुढे धूर नाही. खाटीकखान्यामागच्या खड्ड्यात घाण कुजून होणारा गॅस तिला मिळायचा. पण तिथला पंप लहान, फार दाबून भरता येत नसे. साधा सिलिंडर दुपारी संपायचा आणि भरणं दुसऱ्या दिवशीच. अर्ध्या दिवसाच्या धंद्यावर घर चालत नाही. मी चाललो तर टपरी चालणार, नाहीतर तिला कुलूप. कॉलेजने मला महिनाभरासाठी दिलं होतं.

टीचरबाईंनी मला बंद डब्यांतून आणलं. सिलिंडरचं तोंड बसवायचं राहिलं होतं, त्याचा वायसर आणायला त्या गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "डबे इथेच असू देत."

उघडू नका, असं म्हणाल्या नाहीत. बाना साम्पाने झाकण काढून वास घेतला. स्पिरिटचा उग्र दर्प.

"शी! यावर मी माणसांचं जेवण शिजवू?"

बाई स्वच्छतेची. मासळी असो, घेवडा असो, घरात आलेली वस्तू ती आधी उन्हात घालायची. पाऊस उघडला होता. तिने तीन चटया अंथरल्या आणि मला मासळीसारखं वाळत घातलं.

पावसाळी हवा. मी जन्मजात तहानलेला. तासाभरात माझा काळसर जांभळा रंग गेला आणि मी आभाळासारखा निळा झालो.

"बघा, कसा उजळला!" ती शेजारणींना सांगत होती.

मी उजळलो नव्हतो. मी पाणी प्यालो होतो. खोलीखोलीत पाणी बसलं. दुसऱ्या दिवशी टीचरबाई यायच्या आत तिने मला सिलिंडरमध्ये ओतलं होतं. गॅस आला तेव्हा त्याला टेकायला जागा नव्हती. ज्योत पेटली, आणि घेवडा शिजायच्या आत विझली. रिकाम्या सिलिंडरने यापेक्षा जास्त काम केलं असतं.

समोर लाझारो जेरेची पावाची भट्टी. जेरे भालेवाल्या न्गोनी जमातीचा, बाना साम्पा बेंबा जमातीची. यांचे खापरपणजे एकमेकांशी लढले, म्हणून आता त्यांच्या वंशजांनी एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि रागवायचं नाही, अशी रीत आहे. त्याच रीतीने, मागितलेलं नाकारायचंही नाही.

"काय हो अळीखाऊ!" बेंबांना सुकवलेल्या अळ्या आवडतात, म्हणून जेरे ओरडला. "आता तांबंसुद्धा वाळवून खाता?"

"तुम्ही भाले घेऊन आलात आणि पीठ मळत बसलात. तू गप्प बैस," ती म्हणाली. मग तिला खोकला आला, आणि बराच वेळ थांबला नाही.

टीचरबाईंनी सिलिंडर उघडून मला मूठभर हातात घेतलं. त्यांचा चेहरा पडला. "हे आठवडाभर असेच ओले राहिले तर आतले खांब कोसळतील. दिवसभर कोरडी, सारखी आच हवी. कॉलेजात वीज नाही."

बाना साम्पा उठली आणि रस्ता ओलांडून गेली.

"जेरे, उद्या तुझी भट्टी मला हवी. सबंध दिवस. पाव लावायचे नाहीत, पिठाची वाफ नको."

"माझे शंभर पाव?"

"नाही म्हणतोस?"

तो डोकं खाजवत राहिला. "आजोबा थडग्यातून उठून मला बडवतील. घे. पण एक दिवस खाल्लास माझा, लक्षात ठेव."

भट्टीतले निखारे ओढून काढले आणि मला पत्र्यांवर पसरून आत सरकवलं. विटा तापलेल्या. आतलं पाणी खोली सोडून निघालं. संध्याकाळी टीचरबाईंनी दार उघडलं, तेव्हा मी पुन्हा काळसर जांभळा होतो. गरम असतानाच मला सिलिंडरमध्ये भरून तोंड आवळलं.

शनिवारी बाजारात माझ्या शेजारी त्याच मापाचा रिकामा सिलिंडर ठेवला. दोघांत एकाच दाबाने गॅस भरला. पहाटे दोन्ही ज्योती पेटल्या. निम्मा बाजार रिकाम्याच्या बाजूने होता, जेरे सर्वांत पुढे.

दुपारी रिकामा विझला.

मी जळत होतो. न्शिमाची सहा भांडी, घेवडा, मासळी. संध्याकाळ झाली, टपरी बंद झाली. रविवारी सकाळी तिने काडी लावली आणि मी पुन्हा पेटलो. दिवस मावळेपर्यंत पुरलो. बायका ओरडत होत्या, झाकणं वाजवत होत्या. दोन दिवसांत बाना साम्पा एकदाही खोकली नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भरलेल्या पोत्यात मावलं, बाई!"

मला ते ठाऊकच होतं.

महिनाअखेरीला तीन दिवस पाऊस हटला नाही. जेरेची लाकडं भिजून चिंब झाली. भट्टी थंड पडली आणि तो दारात हात बांधून बसला. पहाटे बाना साम्पाने मला हातगाडीवर घातलं आणि त्याच्या दारात आणून उभं केलं.

"तुझी टपरी?" त्याने विचारलं.

"आज बंद."

माझी शेगडी भट्टीत सरकवली आणि मी सबंध दिवस जळलो. शंभरावा पाव निघाला तेव्हा दिवस मावळत होता. जेरेने भट्टीचं दार लावलं. त्याने टोमणा मारला नाही, तिनेही मारला नाही. दिवसाला दिवस फिटला होता.