भिंतीवरचा फ्लरिश

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका खासगी इंग्रजी शाळेच्या दर्शनी भिंतीवर संस्थेचे अध्यक्ष नंदलाल यांनी पेंटरकडून हातभर उंचीचा शब्द रंगवून घ्यायला सुरुवात केली होती : फ्लरिश. दोन दिवसांवर पालक मेळावा होता. या शब्दावर भाषण करायचं काम इंग्रजीच्या अल्का मॅडमकडे आलं.

पाचवीच्या तासाला रुचीने विचारलं, "मॅडम, फ्लरिश म्हंजे का जी?"

"भरभराट होणं. धान जोमात येतं ना, तसं."

"पण पेंटर काका तं म्हणत होते, अक्षराच्या शेपटीले फ्लरिश म्हणतेत."

अल्काने डिक्शनरी उघडली. पेंटरचंही बरोबर होतं. वळणदार नक्षी, असाही अर्थ होता. तिसरा होता, हातातली वस्तू ऐटीत फिरवणं. ती तो वाचत असतानाच रुची पोट दाबून वाकली. सकाळपासून लघवीला गेली नव्हती.

"तेथं नाही जात मी. ओकारी येते."

अल्का तिला घेऊन शाळेमागच्या मुलींच्या संडासाकडे गेली. दाराला कडी नव्हती. भांडं काठोकाठ तुंबलेलं, फरशीवर पिवळं पाणी, त्यात वळवळत्या अळ्या. ओढणी नाकाला लावूनही वास घशात उतरला. शिक्षकांची सोय वेगळी, कुलपात. तीन वर्षांत ती इकडे फिरकली नव्हती. भिंतीला धरून ती ओकली. तिला स्वतःचीच शिसारी आली.

रुचीला शिक्षकांच्या संडासात सोडून ती नंदलालकडे गेली. ते पेंटरला शब्दाभोवतीच्या वेलीवर सोनेरी रंग द्यायला सांगत होते.

"सर, आधी मुलींचा संडास साफ करा."

गाडीची किल्ली बोटावर गरगर फिरवत ते हसले. ओठांच्या कडेला तंबाखू-सुपारीचा खर्रा चिकटला होता. "मागे कोण जाऊन राहिला मॅडम? पालक सामने से आएंगे. तुम्ही भाषण लिहा."

मेळाव्यात अल्काने माइक घेतला. "भाषण नाही. माझ्यासोबत मागे चला."

रुचीची आजी पार्वताबाई आधी उठली. बघून आली ती थेट नंदलालसमोर उभी राहिली. "तुमच्या पोरीले बसवाल का जी तेथं?"

नंदलाल मोबाइल पाहू लागले. मागच्या बाजूने बायकांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी मैला उपसायची गाडी आली, कडी बसली. आठवड्याने अल्काला कामावरून काढल्याचं पत्र घेऊन नंदलाल स्वतः स्टाफरूममध्ये आले. त्यांच्या हातातून कागद घ्यायचीही तिला किळस वाटली.

"टेबलावर ठेवा," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून गोंदियाच्या एसटीकडे निघाली.