बाभळीवरचा धीवर

आमच्या भोयांत खंड्याला खंड्या म्हणत न्हाईत. धीवर म्हणतात, म्हंजे मासे धरणारा, आमच्याच जातीचा. सासू कोंडाबाई सांगायची, मागं एका दुष्काळात समदे भोई तळं सोडून गेले, धीवर नावाचा थोरला भोई तेवढा राखणीला थांबला. तिथंच खंगून मेला अन् पाखरू झाला. म्हणून त्या पाखराला त्याचं नाव. तो बसल्याला हाय तवर भोयानं तळं सोडायचं न्हाई.

सासू सांगून मोकळी झाली, मरूनबी गेली. भोगायचं माझ्या वाट्याला आलं.

लातूर येगळा जिल्हा झाला त्या साली आमचं उदगीरकडचं तळं आटलं. घोट्याएवढं डबकं राहिलं. माझा नवरा व्यंकटी रोज जाळं टाकायचा अन् चिखल काढायचा. माझं दूध आटलं. मांडीवरची पोर आधी लई रडायची, मग रडायचीबी बंद झाली. लातुरात नव्या कचेऱ्यांची बांधकामं निघाली होती, मजुरांसाठी मुकादमाचा ट्रक त्या दिवशी दुपारी सडकेवर येणार होता. मी म्हणलं, चला. व्यंकटीनं काठावरच्या बाभळीकडं बोट दाखवलं.

"धीवर बसलाय. पाण्यात मासा असल्याबिगर बसतोय का?"

माझं डोस्कं फिरलं. पोर त्याच्यापुढं ठेवली, ढेकळं उचलली अन् बाभळीखाली गेले. ऊठ मुडद्या म्हणलं, माझी पोर खायला बसलास तू. ढेकूळ मारलं की उडायचा अन् फिरून तिथंच बसायचा. मग एकदा खाली झेपावला. पाण्यावर न्हाई, कोरड्या मातीवर. चोचीत सरडा धरला अन् काठाच्या बिळात शिरला. आत पिल्लं चिरकली.

पोर काखेत घेतली, व्यंकटीला हाताला धरून आणलं अन् बिळासमोर बसवलं. पाखरू परत आलं. ह्या खेपेला चोचीत नाकतोडा होता.

व्यंकटीनं ते बघितलं. मग माझ्याकडून पोर घेऊन छातीशी धरली अन् रडला. आईच्या मयतालाबी तो रडला नव्हता.

जाळं बाभळीला टांगून आम्ही ट्रक गाठला. लातुरात मुकादमानं इचारलं, "धंदा कसला तुझा?"

व्यंकटीनं भोई म्हणलं न्हाई, धीवर म्हणलं न्हाई. माझ्या पदराखालच्या पोरीकडं बघितलं.

"पडंल ते करतो," म्हणला.