खांबाचा कोप आणि नरसिंगचा सदरा

खांबातून रक्त आलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. समोरच्या क्लासची बॅच नुकतीच सुटली होती, त्यामुळे चमत्काराला प्रेक्षकांची वानवा पडली नाही.

रेणुकादास महाराजांनी पितळी तांब्यातल्या हळदीच्या पाण्यात आंब्याची डहाळी बुडवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि डहाळी खांबावर झटकली. पिवळे थेंब काँक्रीटला लागले आणि बघता बघता लालभडक होऊन ओघळू लागले.

"कोप!" महाराज गरजले. "भूमातेचा कोप! दहा वर्षांखाली ही माय कूस बदलून झोपली, अन् तुम्ही तिच्या उशाशी खांब रोवला! विचारलं होतं का तिला?"

तिला कुणीच विचारलं नव्हतं. नगरपालिकेला विचारलं होतं, पण त्यांचा आणि भूमातेचा पत्रव्यवहार नसावा. गर्दी दोन पावलं मागे सरकली. गर्दीत दीड-दोनशे मुलं होती, सगळी पुढे डॉक्टर होणारी, सगळ्यांच्या काखेत रसायनशास्त्राच्या नोट्स. हळद अल्कलीत लाल होते, हे वाक्य त्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं. कॉलेजात मीच ते पाठ करून घेतलं होतं. पण तो एका गुणाचा प्रश्न होता आणि त्यात खांब नव्हता. मुलांनी नोट्स कपाळाला लावून खांबाला नमस्कार केला.

हा खांब माझ्या कंपाउंडच्या भिंतीला लागून होता. लातूरमध्ये त्या काळी क्लास वाढत होते, क्लासमागे मुलं येत होती आणि मुलांमागे होस्टेलं उभी राहत होती. आमच्या शेजारचं होस्टेल आप्पासाहेब नावाचे ठेकेदार बांधत होते. जूनच्या पंधरा तारखेला मुलं राहायला येणार असं त्यांनी मालकाला सांगून टाकलं होतं. काँक्रीटला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्यांच्या बोअरला पाणी लागलं नाही म्हणून बांधकामाला पाणी माझ्या बोअरचं जाई. मोटारीचं बटण माझ्या स्वयंपाकघरात होतं. त्यामुळे स्लॅब दोन मेला भरला हे मला पक्कं माहीत होतं, आणि चारच दिवस त्यावर पाणी मारलं हेही. पाचव्या दिवसापासून मोटार लावा म्हणून सांगायला कोणी आलंच नाही.

स्लॅबखाली मेससाठी मोठा हॉल होता, लांब तुळया होत्या आणि पुढे रस्त्याच्या बाजूला आधाराविना बाहेर आलेली गॅलरी. अशा स्लॅबखालच्या बल्ल्या, म्हणजे टेकूचे लाकडी वासे, एकवीस दिवस हलवायच्या नसतात. पण आप्पासाहेबांकडे सेंटरिंगचा, म्हणजे फळ्या आणि बल्ल्यांचा, एकच संच होता. खालचा सुटल्याशिवाय वरचा मजला सुरू होत नव्हता. म्हणून नवव्या दिवशी त्यांनी बल्ल्या काढायला सांगितल्या, आणि मुकादम नरसिंगने हात जोडले.

"गॅलरीच्या मुळाशी वरून चीर पडली हाय, आप्पासाहेब. आमी खाली जात न्हाई."

नरसिंगची सगळी टोळी औशाकडची. दहा वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या पहाटे घरांचं काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं. डोक्यावर काय आहे आणि ते कशावर उभं आहे, हे विचारल्याशिवाय ही माणसं छताखाली जात नसत. आप्पासाहेबांनी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, दुसरी टोळी आणायची धमकी दिली. टोळी लिंबाखाली बसून राहिली. तेव्हा आप्पासाहेबांनी बारा दिवस थांबण्याऐवजी महाराज आणले. इंजिनियर आणला असता तर त्याने चीर पाहिली असती. महाराज फक्त खांब पाहत.

महाराजांची पद्धत सोपी होती. आधी रोग सिद्ध करायचा, मग औषध द्यायचं.

"गुरुवारी शांत करू," खांब लाल झाल्यावर ते म्हणाले. "खांब पिवळा राहिला म्हणजे माय निजली. मग पहिली बल्ली मुकादमानं आपल्या हातानं पाडायची. दुसऱ्या कुणी हात लावला तर मी जबाबदार नाही."

"आन् मुकादमानं पाडली तर हाव का जबाबदार?" गर्दीच्या मागून बाईचा आवाज आला.

ती साखराबाई, नरसिंगची थोरली बहीण, टोळीतल्या बिगारी बायकांची म्होरकी. महाराजांनी तिच्याकडे न बघता हात उडवला. "बायामाणसांनी वीस पावलं लांब! खांबाला विटाळ चालत नाही."

त्या खांबात गेलेलं प्रत्येक घमेलं बायकांच्या डोक्यावरून गेलं होतं. तेव्हा खांबाने तक्रार केली नव्हती.

मी त्याच दुपारी आप्पासाहेबांना गाठलं. सिमेंटमध्ये चुना असतो, चुन्याने हळद लाल होते, याचा कोपाशी संबंध नाही आणि स्लॅबच्या ताकदीशीही नाही, असं सगळं क्रमाने सांगितलं. ते आदराने ऐकत होते.

"मॅडम, तुमचं सायन्स आपल्याला मान्य आहे," ते म्हणाले. "पण लेबरला सायन्स समजत नाही. त्यांच्या समाधानासाठी करावं लागतं."

मग मी नरसिंगकडे गेले. तोही आदराने ऐकत होता. "हाव मॅडम," म्हणाला, "पन रगत तर समद्यांनी बगितलं." माझ्याच दोन विद्यार्थ्यांनी मला समजावलं की काही गोष्टी सिलॅबसच्या बाहेरच्या असतात. मी घरी आले. एकूण तीन व्याख्यानं झाली आणि एकाही श्रोत्याचं मत बदललं नाही.

बुधवारी दुपारी साखराबाई माझ्या बोअरच्या नळावर धुणं घेऊन आली. वर नरसिंगचा पांढरा सदरा होता. आदल्या दिवशी नरसिंग महाराजांच्या अगदी शेजारी उभा असल्याने हळदीचे शिंतोडे छातीभर उडाले होते. तिने सदरा भिजवला, साबणाची निळी वडी घासली, आणि घासता घासता थांबली.

"मॅडम! अवो मॅडम, भायेर या! सदऱ्याला कोप झाला की वो!"

मी बाहेर आले. पिवळे डाग लाल झाले होते. साखराबाई डागाकडे बघत होती, मग हातातल्या साबणाकडे, मग भिंतीपलीकडच्या खांबाकडे. शिकवताना इतकी गप्प मी कधी राहिले नव्हते.

"ह्ये तर दर साली व्हतंय," ती हळूच म्हणाली. "लग्नातली हळदीची लुगडी साबनानं अशीच लाल व्हत्यात. म्हंजे त्या खांबात बी साबनावानी काय तर हाय."

"चुना आहे. सिमेंटमधला."

"आन् म्हून आमाला वीस पावलं लांब!" तिने कपाळावर हात मारला, साबण कपाळाला लागला. "गड्यांनी जलमात कंदी धुनं धुतलंय का? त्यान्ला काय ठावं! बाई जवळ गेली की वळखनार. मोठा हुशार हाय मुडदा!"

मी घरातून अर्धं लिंबू आणून डागावर पिळलं. लाल डाग पुन्हा पिवळा झाला. साखराबाईने साबण लावला, लाल. लिंबू, पिवळा. चार वेळा केलं तिने, हसत हसत. मग तिचं हसू थांबलं.

"उद्या त्यो पिवळा करनार," ती म्हणाली. "आन् माझा भाऊ हातोडा घिऊन त्या गॅलरीखाली जानार."

"मी बोलले त्याच्याशी. त्याला पटलं नाही."

"तुमी त्याला सांगितलं. मी दावते."

गुरुवारी गर्दी दुप्पट होती. मुरुडहून एक जीपही भरून आली होती. महाराजांनी शांतीचं तीर्थ आणलं होतं, भगव्या कापडात गुंडाळलेला पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन. हळदीला पितळी तांब्या आणि तीर्थाला प्लास्टिक, हे कुणाला खटकलं नाही. आंबट पदार्थ पितळेत कळकतो हे लातूरच्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे, पण स्वयंपाकघर वीस पावलं लांब उभं होतं.

हळद उडाली, खांब लाल झाला, गर्दीने उसासा टाकला. महाराजांनी मंत्र म्हणत कॅन ओतला. बारीक फेस आला. "बघा, क्रोध फसफसून बाहेर पडतोय!" रक्ताचे ओघळ पिवळे झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आप्पासाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि नरसिंगच्या हातात हातोडा दिला.

नरसिंगने खांबाला नमस्कार केला, स्लॅबकडे पाहिलं आणि तो गॅलरीकडे निघाला.

"थांब रं, नरसिंगा!"

साखराबाई बादली घेऊन चालत आली. वीस पावलं तिने मोजून ओलांडली, मोठ्याने मोजत. महाराज ओरडले, "विटाळ! मागे हो!"

"व्हते की. आदी तुमचं तीर्थ घोटभर द्या."

"हे पिण्याचं तीर्थ नव्हे! खांबाचं आहे!"

"खांबाला चालतंय आन् मानसाला न्हाई? इख हाय का काय त्यात?"

लोक हसले. तिने कॅनच्या तोंडाशी बोट लावलं आणि चाटलं. तोंड असं वाकडं केलं की मागच्या रांगेलाही कळलं. "आंबट ढाण! लिंबाचं सत हाय! महाराज, साखर इसरलाव का?"

मग तिने बादलीतलं साबणाचं पाणी खांबावर फेकलं. शांत झालेला खांब पुन्हा लाल झाला. भूमातेचा कोप आता एका बादलीच्या अंतरावर आला होता. साखराबाईने नरसिंगचा सदरा खांद्यावरून काढून झटकला, त्याच्या नाकासमोर डाग धरला, साबण लावला, लाल केला, कॅनमधलं पाणी शिंपडलं, पिवळा केला.

"ह्यो तुजा सदरा. ह्याच्यात बी भूमाता झोपली हाय का? बोल की!"

नरसिंगने डागावरून अंगठा फिरवला. बायकांमध्ये हशा पिकला. एक एक बाई पुढे येऊन खांबाला हात लावून बोटं हुंगू लागली. माझ्या एका विद्यार्थ्याने "इंडिकेटर!" असं ओरडून आपलं ज्ञान जाहीर केलं. अठ्ठेचाळीस तास उशिरा, पण आलं. महाराज कॅन उचलून जीपच्या दिशेने निघाले. जाताना त्यांनी कुणाला शाप दिला नाही. घाई असावी.

आणि इथे मला वाटलं की संपलं. मला आप्पासाहेब नीट कळले नव्हते.

"वा, साखराबाई!" ते टाळी वाजवून म्हणाले. "डोळे उघडले आमचे! म्हणजे कोपबिप काही नाही. सगळं थोतांड! मॅडम तर पहिल्यापासून सांगत होत्या. मग आता भ्यायचं काय कारण? नरसिंग, काढ बल्ल्या."

युक्तिवाद दिसायला सरळ होता. नरसिंगने माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी सांगा. स्लॅब पक्का झाला का न्हाई?"

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. नुकतीच एका महाराजांची जागा रिकामी झाली होती आणि लोक ती मला देत होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

आप्पासाहेब हसले. मी पुढे बोलले. "नुसतं बघून मला कळणार नाही, तुम्हाला नाही, महाराजांना तर नाहीच. हळद लाल झाली म्हणजे चुना आहे, एवढंच. स्लॅब किती वजन पेलेल हे तिला माहीत नसतं. त्यासाठी स्लॅब भरताना त्याच मालाचे ठोकळे भरून ठेवतात आणि मशीनवर दाबून फोडतात. आप्पासाहेब, ठोकळे कुठे आहेत?"

आप्पासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, जणू ठोकळे आत्ता इथेच होते.

"भरलेच न्हाईत," साखराबाई म्हणाली. "घमेली मी मोजत व्हते. समदा माल स्लॅबातच गेला."

"मग दिवस मोजायचे," मी म्हणाले. "आज बारावा. चारच दिवस पाणी मिळालंय, म्हणजे एकवीसही कमीच. आणि त्या चिरेचं कारण आधी इंजिनियरनं येऊन सांगायचं. तोवर बल्ली हलवायची नाही."

नरसिंगने हातोडा आप्पासाहेबांच्या पायाशी ठेवला. उद्धटपणे नाही, अगदी हळू. "तोवर मागल्या अंगाची कंपौंडची भिंत बांधतो. विटा येऊन पडल्यात. बसून ऱ्हाणार न्हाई आमी."

टोळी कामाला लागली. मी मोटार चालू केली, कोणी न सांगता.

इंजिनियर शनिवारी आला. त्याने गॅलरीच्या मुळाशी वरून काँक्रीट फोडायला लावलं. दोन इंच गेलं, तीन गेलं, सळई दिसेना. बाहेर आलेल्या गॅलरीला ताण वरच्या बाजूला बसतो, म्हणून सळई वर लागते. भरताना माणसं तिच्यावरून चालली होती आणि ती दबून तळाशी गेली होती. मुलं यायची घाई होती, तपासायला कोणी थांबलं नव्हतं. गॅलरी स्वतःच्या बळावर उभीच नव्हती. तिला बल्ल्यांनी धरलं होतं.

ती पाडून पुन्हा भरावी लागली. नरसिंग वर, स्लॅबवर उभा राहून, कमरेला दोर बांधून फोडत होता. खालचा रस्ता बंद केला होता. बल्ल्या दोर लावून लांबून ओढल्या तेव्हा पाचव्या बल्लीला सगळी गॅलरी एकदम खाली आली. धूळ बसेपर्यंत साखराबाई तोंडावर पदर धरून उभी होती. मग ती भावाला उद्देशून इतकं वाईट बोलली की ते मी इथे लिहीत नाही. तो हसत होता.

मुलं जुलैत राहायला आली. कुणाचं काही बिघडलं नाही.

या गोष्टीतून हळदीचा गुणधर्म तेवढा लक्षात ठेवलात तर एक गुण मिळेल. मला दुसरं सांगायचं आहे. मजुरांना वाटलेली भीती अंधश्रद्धा नव्हती. ती बरोबर होती, चिरेकडे बघून वाटलेली होती. अंधश्रद्धा नंतर आणली गेली, ती भीती बंद करण्यासाठी. तेव्हा कुणी तुमच्या भीतीला कोपाचं नाव देऊन शांत करू लागला, की तिथेच थांबा आणि विचारा, कधी भरला, किती दिवस झाले, तपासलं कुणी? उत्तर "माहीत नाही" असं आलं तरी चालेल. उत्तर येईपर्यंत मात्र बल्लीला हात लावू नका.